पूर येणार हे धरूनच बांधलेली वस्ती: हॅम्बुर्गची हाफेनसिटी पुरात कोरडी कशी राहते?

५ डिसेंबर २०१३. उत्तर समुद्रात 'क्सावर' नावाचं वादळ घोंघावत होतं आणि त्याने ढकललेलं पाणी एल्ब नदीच्या मुखातून आत, थेट हॅम्बुर्ग शहराच्या दिशेने चढत होतं. ६ डिसेंबरच्या पहाटे पाण्याची पातळी ६.०९ मीटरवर पोहोचली. शहराचा प्रसिद्ध मासळीबाजार पाण्याखाली गेला. जुन्या बंदरातल्या धक्क्यांवरून लाटा वाहू लागल्या.

याच जुन्या बंदरात 'हाफेनसिटी' नावाची नवीकोरी वस्ती उभी आहे. तिथले नदीकाठचे फिरायचे रस्तेही त्या रात्री बुडाले. पण त्याच रस्त्यांच्या वर, काही मीटरवर असलेल्या घरांमध्ये लोक कोरडे होते. पाणी आलं, राहिलं आणि ओहोटीबरोबर निघून गेलं.

ऐकायला साधं वाटतं. पण ही वस्ती हॅम्बुर्गच्या मुख्य पूररोधक बांधाच्या आत नाही, बाहेर आहे. म्हणजे ज्या बाजूला पाणी येणार हे शहराला पक्कं माहीत आहे, त्याच बाजूला. तिला वाचवायला भोवती भिंत घातलेली नाही.

मग ती बुडत कशी नाही? आणि आज पुण्यापासून अहमदाबादपर्यंत नदीकाठ 'विकसित' करायची चर्चा सुरू असताना या गोष्टीतून घेण्यासारखं काय आहे, आणि डोळे झाकून उचलू नये असं काय आहे?

मुळात ही जागा रिकामी कशी झाली?

हॅम्बुर्ग समुद्रकिनाऱ्यावर नाही. समुद्रापासून साधारण १०० किलोमीटर आत, एल्ब नदीवर ते वसलंय. तरीही ते युरोपातल्या सगळ्यात मोठ्या बंदरांपैकी एक आहे, कारण एल्बमधून मोठी जहाजं थेट शहरापर्यंत येतात. जहाजांबरोबर समुद्राची भरतीही येते. दिवसातून दोनदा नदीचं पाणी साडेतीन मीटरच्या आसपास चढतं आणि उतरतं.

शेकडो वर्षं इथे कॉफी, कोको, मसाले, तंबाखू उतरत होता. पोती आणि पेट्या क्रेनने उचलायच्या, धक्क्यावर ठेवायच्या, हमालांनी गोदामात न्यायच्या. त्यासाठी अरुंद गोद्या आणि त्यांना लागून गोदामं अशी रचना होती.

१९६० च्या दशकाअखेर कंटेनर आले आणि हे सगळं गणित बदललं. कंटेनरला गोदाम नको, मोकळी सपाट जागा हवी. जहाजं मोठी झाली, त्यांना खोल पाणी हवं. हॅम्बुर्गचा कंटेनर व्यवसाय एल्बच्या दक्षिण काठावर सरकला. उत्तर काठावरचं, अगदी टाउन हॉलपासून चालत जाता येईल इतकं जवळचं जुनं बंदर हळूहळू निकामी झालं.

मुंबईकरांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. १९८९ मध्ये न्हावाशेवाला नवं बंदर सुरू झालं आणि मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गोद्यांमधली कंटेनरची वर्दळ हळूहळू खाडीपलीकडे गेली. कंटेनरने जगभरातल्या बंदरांच्या शहरांना एकच प्रश्न विचारला: शहराच्या मध्यभागी पाण्याकाठची एवढी मोठी जमीन आता करायची काय?

हॅम्बुर्गच्या बाबतीत ही जागा सगळी मिळून १५७ हेक्टर होती. त्यात १० किलोमीटरहून जास्त लांबीचा काठ. पण तिथे एक मोठी अडचण होती, आणि ती शहराच्या आठवणीत खोल रुतलेली होती.

१९६२ ची ती रात्र

१६ फेब्रुवारी १९६२ ची रात्र. असंच वादळ आलं. पाणी ५.७० मीटरपर्यंत चढलं आणि मध्यरात्रीनंतर हॅम्बुर्गचे बांध एकामागून एक फुटायला लागले. शहराचा सुमारे सहावा भाग पाण्याखाली गेला. हॅम्बुर्गमध्ये ३१५ जणांचा मृत्यू झाला.

सगळ्यात जास्त माणसं विल्हेल्म्सबुर्ग या बेटावजा भागात गेली. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात घरं गमावलेले अनेक जण तिथे बागांमधल्या लाकडी खोपट्यांमध्ये राहत होते. लोक झोपेत होते, वीज गेली होती, फोन बंद पडले होते. इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

शहराच्या पोलीस आणि अंतर्गत सुरक्षेची जबाबदारी तेव्हा हेल्मुट श्मिट यांच्याकडे होती. घटनेत देशांतर्गत कामासाठी सैन्य बोलवायची स्पष्ट तरतूद नसतानाही त्यांनी जर्मन लष्कर आणि 'नाटो'ची मदत मागवली. छपरांवर अडकलेली माणसं हेलिकॉप्टरने उचलली गेली. हेच श्मिट पुढे १९७४ मध्ये पश्चिम जर्मनीचे चान्सलर झाले.

त्यानंतर हॅम्बुर्गने बांध उंच आणि मजबूत केले. १९७६ मध्ये त्याहून मोठी भरती आली, ६.४५ मीटरची. ही आजवरची सर्वांत उंच नोंद आहे. शहराचे मुख्य बांध टिकले. बंदराच्या भागात मात्र प्रचंड नुकसान झालं, कारण बंदर बांधाच्या बाहेर होतं.

आता प्रश्न लक्षात येईल. जिथे गोदामं भिजली तर मालाचं नुकसान होतं, तिथेच हजारो माणसांची घरं बांधायची होती. तेही अशा शहरात, जिथे पुराची ती रात्र पाहिलेली माणसं अजून हयात होती.

मग बांध का घातला नाही?

सरळ उपाय होता: संपूर्ण १५७ हेक्टरभोवती बांध घालायचा. कोकणात खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालतात, तोच प्रकार, फक्त खूप मोठा.

हॅम्बुर्गने हा पर्याय तपासला आणि बाजूला ठेवला. कारणं तीन.

पहिलं कारण वेळेचं. बांध अर्धा घालून चालत नाही. शेवटचा दगड बसेपर्यंत आतलं एकही घर सुरक्षित नसतं. म्हणजे आधी सगळा पैसा ओता, वर्षानुवर्षं थांबा आणि मग पहिली इमारत बांधा.

दुसरं कारण दिसण्याचं, पण तितकंच व्यवहारी. पाण्याकाठी वस्ती करायची आणि पाणी दिसू नये म्हणून पुढे उंच भिंत उभी करायची, तर तिथे राहायला येणार कोण?

तिसरं कारण १९६२ ने शिकवलं होतं. बांध फुटला की आतलं सगळं एकदम जातं.

म्हणून त्यांनी उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावरची जुनी रीत उचलली. तिथल्या सखल बेटांवरचे शेतकरी कित्येक शतकं मातीचा उंचवटा करून त्यावर घर आणि गोठा बांधत आले आहेत. वादळात सगळं कुरण पाण्याखाली जातं, पण उंचवट्यावरचं घर कोरडं राहतं. जर्मनमध्ये या उंचवट्याला 'वार्फ्ट' म्हणतात. मराठीत सांगायचं तर घराचं जोतं. फक्त इथे एका घराचं नाही, आख्ख्या इमारतींच्या समूहाचं.

हाफेनसिटीची मूळ जमीन समुद्रसपाटीपासून साडेचार ते सात मीटरच्या दरम्यान होती. नव्या इमारती आणि मुख्य रस्ते आठ ते नऊ मीटर उंचीवर नेले गेले. इथेच या आराखड्यातली खरी हुशारी आहे:

जोत्याचं पोट रिकामं नाही. अनेक ठिकाणी भरावाऐवजी जोत्याच्या आत गाड्यांचं पार्किंग आहे. त्यामुळे गाड्या रस्त्यावर न राहता जमिनीखाली जातात आणि जोत्याचा खर्चही कारणी लागतो.

खालचा काठ मुद्दाम खाली ठेवला. धक्क्यांवरचे फिरायचे रस्ते जुन्याच उंचीवर, पाण्याजवळ राहिले. तिथे कुणी राहत नाही. वर्षातल्या काही वादळी दिवशी ते बुडतात. पाणी ओसरलं की धुऊन पुन्हा खुले होतात.

पायऱ्यांनी दोन्ही पातळ्या जोडल्या. २००५ मध्ये खुल्या झालेल्या 'मॅगेलान टेरेस'च्या पायऱ्या एखाद्या घाटासारख्या वरून थेट गोदीच्या पाण्यापर्यंत उतरतात. गोदीत तरंगते तराफे आहेत. भरतीबरोबर ते चढतात, ओहोटीबरोबर उतरतात.

सुटकेची वाट आधी बांधली. घर कोरडं राहिलं पण भोवती पाणी असताना कुणाला हृदयविकाराचा झटका आला तर? म्हणून वस्ती उभी राहण्याआधीच, २००२ मध्ये, 'किबेलश्टेग' नावाचा उंच पूल बांधला गेला. पूर असतानाही रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाची गाडी त्यावरून बांधाच्या आतल्या शहरातून हाफेनसिटीत येऊ शकते.

या पद्धतीचा आणखी एक फायदा म्हणजे कामाचे तुकडे पाडता आले. एक जोतं पूर्ण झालं की त्यावरची घरं सुरक्षित. बाकीच्या कामासाठी त्यांना थांबायची गरज नाही. म्हणूनच आराखडा २००० मध्ये मंजूर झाला आणि काही वर्षांतच पहिले रहिवासी राहायला आले, तर पूर्वेकडचं काम नंतर दोन दशकं सुरूच राहिलं.

जमीन कुणाची आणि पैसा कुणाचा?

पाण्याकाठच्या प्रकल्पांमध्ये चित्रं सगळीकडे सारखीच असतात: झाडं, सायकली, फुगे घेऊन पळणारी मुलं. फरक पडतो तो जमिनीचा मालक कोण आणि तो ती कशी विकतो, यात.

हाफेनसिटीची बरीचशी जमीन मुळात शहराचीच होती, पण तिच्यावरची गोदामं आणि भाडेकरार खासगी कंपन्यांकडे होते. १९९० च्या दशकात शहराने कसलाही गाजावाजा न करता ते ताब्यात घ्यायला सुरुवात केली. बातमी फुटली असती तर भाव गगनाला भिडले असते. मे १९९७ मध्ये तेव्हाचे महापौर हेनिंग फोशेराउ यांनी योजना जाहीर केली, तोवर बराचसा ताबा शहराकडे आला होता.

पुढचं काम शहराच्या शंभर टक्के मालकीच्या एका कंपनीकडे दिलं गेलं. जमीन विकून जो पैसा येईल तो एका वेगळ्या निधीत जमा करायचा आणि त्यातून रस्ते, पूल, धक्के आणि उद्यानं बांधायची, असं ठरलं.

जमीन विकायची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. घरांसाठीच्या भूखंडांवर फक्त सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला जमीन मिळत नाही. निवड करताना ७० टक्के वजन आराखड्याला आणि ३० टक्के किमतीला दिलं जातं. तळमजल्यावर काय असेल, घरं कुणासाठी असतील, ऊर्जा किती लागेल, हे सगळं आधी सांगावं लागतं.

निवड झाली तरी जमीन लगेच नावावर होत नाही. विकासकाला एका ठरावीक मुदतीसाठी, साधारण वर्षभरासाठी, तो भूखंड राखून ठेवला जातो. त्या काळात त्याने वास्तुरचनेची स्पर्धा घ्यायची, मातीची तपासणी करायची, परवानगीसाठी अर्ज करायचा. शब्द पाळला नाही तर जमीन शहराकडेच राहते.

जमीन घेऊन वर्षानुवर्षं पाडून ठेवायची आणि भाव चढला की विकायची, हा खेळ यामुळे अवघड होतो.

'शाश्वत' हा शब्द इथे नेमका कशासाठी वापरतात?

आजकाल कुठल्याही बांधकामाला 'शाश्वत' म्हणायची पद्धत आहे. हाफेनसिटीत या शब्दामागे मोजता येतील अशा काही गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट जमिनीचीच. शहर वाढवायला शेतं किंवा जंगल न घेता, आधीच वापरून झालेली औद्योगिक जागा पुन्हा वापरली. ती स्वच्छ नव्हती. तिथल्या ग्रासब्रूक भागात एकोणिसाव्या शतकात गॅसचा कारखाना होता, त्याने माती दूषित केली होती. आधी ती साफ करावी लागली.

दुसरी गोष्ट इमारतींची. २००७ पासून हाफेनसिटीचं स्वतःचं पर्यावरण प्रमाणपत्र आहे. ऊर्जा, पाणी, बांधकाम साहित्य, देखभाल अशा निकषांवर ते दिलं जातं. सुरुवातीला ते ऐच्छिक होतं, पुढे जमीन देतानाच वरच्या दर्जाची अट घातली जाऊ लागली.

तिसरी गोष्ट थोडी गमतीची आहे. जर्मनीत हिवाळ्यात घरं गरम ठेवायला भरपूर ऊर्जा लागते. हाफेनसिटीच्या जवळच ऑरुबिस कंपनीचा तांब्याचा मोठा कारखाना आहे. तांबं काढताना सल्फर डायऑक्साइड वायू तयार होतो. त्यापासून सल्फ्युरिक आम्ल बनवलं जातं आणि त्या प्रक्रियेत प्रचंड उष्णता निर्माण होते. पूर्वी नदीच्या पाण्याने थंड करून ही उष्णता वाया घालवली जायची. २०१८ पासून गरम पाण्याच्या नळांतून ती पूर्व हाफेनसिटीतल्या घरांमध्ये पोहोचते.

चौथी गोष्ट प्रवासाची. 'यू ४' ही मेट्रो २०१२ मध्ये इथे पोहोचली, तेव्हा वस्तीचा मोठा भाग बांधून व्हायचा होता. आधी माणसं येऊ देत, ट्रॅफिक तुंबू दे, मग मेट्रोचं बघू, असं झालं नाही.

आणि पाचवी गोष्ट आठवणीची. इथल्या जुन्या हॅनोवर स्टेशनवरून १९४० ते १९४५ दरम्यान आठ हजारांहून जास्त ज्यू, सिंती आणि रोमा लोकांना छळछावण्यांकडे पाठवलं गेलं होतं. त्या जागेवर इमारत उभी राहू शकली असती. तिथे 'लोझेपार्क' नावाचं उद्यान आहे आणि २०१७ पासून त्या लोकांच्या नावांसह स्मारक आहे.

सगळं गोड गोड झालं का? नाही.

हाफेनसिटीवर जर्मनीतच भरपूर टीका झाली आहे.

सगळ्यात मोठा आक्षेप म्हणजे ही श्रीमंतांची वस्ती झाली. पश्चिमेकडच्या पहिल्या टप्प्यातली घरं इतकी महाग होती की सामान्य हॅम्बुर्गकर तिथे फक्त रविवारी फिरायला जाऊ शकत होता. ही चूक शहराने उशिरा मान्य केली. २०१० नंतरच्या टप्प्यांमध्ये सुमारे एक तृतीयांश घरं सरकारी अनुदानाची, कमी भाड्याची असावीत असा नियम आला. पण पाण्याला लागून असलेली सर्वांत चांगली जागा तोवर विकली गेली होती.

दुसरा आक्षेप 'एल्बफिलहार्मोनी'चा. कोको, चहा, तंबाखू साठवायच्या जुन्या गोदामावर काचेचं लाटेसारखं संगीतगृह उभारायचं ठरलं. शहराच्या तिजोरीवर ७ कोटी ७० लाख युरोचा भार पडेल असं सांगितलं होतं. जानेवारी २०१७ मध्ये ते खुलं झालं तोवर तो आकडा ७८ कोटी ९० लाख युरोवर गेला होता. जवळपास दहा पट. आज ती शहराची ओळख आहे, तिथे गर्दीही असते. पण पैसा करदात्यांचाच होता.

तिसरं उदाहरण 'एल्बटॉवर'चं. पूर्व टोकाला २४५ मीटर उंच इमारत होणार होती. ती बांधणारा ऑस्ट्रियातला 'सिग्ना' समूह आर्थिक संकटात सापडला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये, सुमारे १०० मीटरवर, काम थांबलं. म्हणजे अटी कितीही चांगल्या असल्या, तरी एकाच बड्या विकासकावर मदार ठेवली की धोका राहतोच.

आणि एक किंमत अशी आहे जी हाफेनसिटीत फिरताना दिसतच नाही. बंदर दक्षिणेला सरकलं, त्यासाठी नव्या कंटेनर टर्मिनलला जागा लागली. आल्टेनवेर्डर नावाचं मच्छीमारांचं जुनं गाव त्यात गेलं. रहिवाशांना अनेक वर्षांच्या संघर्षानंतर गाव सोडावं लागलं. २००२ मध्ये तिथे टर्मिनल सुरू झालं. गावाचं चर्च तेवढं आज कंटेनरच्या शेजारी उभं आहे. हाफेनसिटीच्या जमिनीतून येणारा पैसा सुरुवातीला याच टर्मिनलसाठी वापरायचा होता.

हेच आपल्या नदीकाठी करता येईल का?

इथे सावध व्हायला हवं. कारण हॅम्बुर्गची युक्ती जशीच्या तशी नदीत केली तर ती उलटू शकते.

हॅम्बुर्गला मुख्य धोका आहे समुद्राकडून येणाऱ्या पाण्याचा. वादळ पाण्याला आत ढकलतं, पातळी चढते, ओहोटीबरोबर उतरते. त्या अफाट पाण्यात जुन्या बंदरातली काही जमीन दोन-तीन मीटरने उंच केली, तर शेजारच्या भागातली पातळी फारशी बदलत नाही.

पावसाळी नदीचं तसं नसतं. पाणी वरून, डोंगरातून आणि धरणातून येतं आणि त्याला पुढे जायचंच असतं. पात्राच्या काठावर भराव टाकून जोतं उंच केलं की पाण्याला वाहायची जागा कमी होते. मग पाणी तुंबून वरच्या बाजूला चढतं, नाहीतर समोरच्या काठावर जातं. एकाचं घर कोरडं राहतं ते दुसऱ्याचं घर बुडवून.

खुद्द हॅम्बुर्गही यातून सुटलेलं नाही. मोठ्या जहाजांसाठी एल्ब वारंवार खोल केली गेली, बांधांमुळे पसरायची जागा आकसली. १९०० च्या सुमारास हॅम्बुर्गमध्ये भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास होता. तो आज साडेतीन मीटरच्या पुढे गेला आहे.

म्हणूनच नदीसाठीचं उत्तर बघायला शेजारच्या नेदरलँड्समधल्या नायमेखन शहराकडे जावं लागतं. तिथे वाल नदी वळण घेते आणि नेमकी शहरापाशीच अरुंद होते. १९९३ आणि १९९५ च्या पुरांनी मोठी धास्ती भरली. १९९५ मध्ये त्या पट्ट्यातून अडीच लाख लोकांना हलवावं लागलं होतं.

डच लोकांनी यावेळी बांध उंच करण्याऐवजी तो सुमारे ३५० मीटर मागे नेला आणि मोकळ्या झालेल्या जागेत नदीला दुसरा प्रवाह खणून दिला. मध्ये जे बेट तयार झालं ते लोकांच्या फिरण्याची जागा बनलं. २०१६ मध्ये काम पूर्ण झालं. मोठ्या पुरात नदीची पातळी त्यामुळे सुमारे ३५ सेंटिमीटरने कमी राहते.

याचीही किंमत होती. नदीला जागा द्यायला सुमारे ५० घरं पाडावी लागली, आणि तिथली माणसं आनंदाने गेली नाहीत. पण नवा काठ तयार करताना नदी रुंद झाली, अरुंद नाही.

पुण्यासाठी याचा अर्थ काय?

पुणे महापालिकेच्या मुळा-मुठा नदीकाठ प्रकल्पाची लांबी सुमारे ४४ किलोमीटर आहे. मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. महापालिकेचं म्हणणं आहे की यामुळे नदी स्वच्छ होईल, पुराचा धोका कमी होईल आणि लोकांना काठ मिळेल. पर्यावरण कार्यकर्त्यांचा आक्षेप आहे की काठावरच्या भरावाने आणि बांधांनी पात्र आक्रसेल, पूर वाढेल आणि नदीकाठची जुनी झाडी जाईल.

या शहराला पुराची आठवण करून द्यायची गरज नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, म्हणजे हॅम्बुर्गच्या त्या रात्रीच्या अवघ्या सात महिने आधी. आणि २५ जुलै २०२४ ला मुसळधार पाऊस सुरू असताना खडकवासल्यातून पाणी सोडलं गेलं, तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं.

कोल्हापूर-सांगलीकरांना निळी रेषा आणि लाल रेषा हे शब्द पाठ आहेत. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. कुठल्याही नदीकाठ प्रकल्पाची खरी परीक्षा या दोन रेषांमध्ये होते.

त्यामुळे पुढच्या वेळी तुमच्या शहरातल्या नदीकाठाचा किंवा खाडीकाठाचा एखादा चकाचक व्हिडिओ व्हॉट्सॲपवर आला, तर हे पाच प्रश्न विचारून बघा:

१. पाणी कुठून येणार आहे? समुद्राच्या भरतीतून, वरच्या धरणातून की शहराच्या नाल्यांतून? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

२. मोठा पूर आला की पाण्याला जागा किती उरेल? प्रकल्पाआधी पात्र किती रुंद होतं आणि नंतर किती असेल? मोकळ्या झालेल्या जागेत कमी होतंय ते काय, नदी की गोदाम?

३. वरच्या आणि समोरच्या वस्तीत पातळी किती चढेल? हा आकडा आराखड्यात असायलाच हवा. लोकांनी तो मागायला हवा.

४. बुडायची जागा ठरवली आहे का? हॅम्बुर्गने ठरवून टाकलं की फिरायचा रस्ता बुडेल, घर नाही. काहीच बुडणार नाही असं सांगणारा आराखडा जास्त धोकादायक असतो.

५. जमीन कुणाला, कोणत्या अटींवर मिळणार? आणि तिथे आज जे राहतात, मासेमारी करतात, कपडे धुतात, जनावरं पाजतात, त्यांचं काय होणार?

हॅम्बुर्गला या प्रश्नांची सगळी उत्तरं बरोबर देता आली नाहीत. महाग घरांच्या बाबतीत ते चुकलं, संगीतगृहाच्या खर्चात चुकलं, आल्टेनवेर्डरच्या मच्छीमारांना त्याने गमावलं. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याने ३१५ माणसं गमावून मिळवलं होतं, आणि ते आराखड्याच्या पहिल्या पानापासून धरून ठेवलं: पाणी येणार आहे, त्यामुळे ते आल्यावर काय होईल हे आधी ठरवा.

२०१३ च्या त्या पहाटे धक्क्यावरचे रस्ते बुडाले आणि घरं कोरडी राहिली, ती म्हणूनच.